वनौषधी आणि दीर्घश्रमाची क्षमता

१९०४ साली ऑगस्टच्या ३० तारखेस अमेरिकेतील सेंट लुइस येथे ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉनची शर्यत झाली. उष्मा कडक होता, रस्ते धुळीने भरलेले होते, आणि धावावयास निघालेल्या ३२ स्पर्धकांपैकी केवळ १४ जणांनाच शर्यत पुरी करता आली. विजयी ठरलेला टॉमस हिक्स वाटेत थकून जाऊ लागला, तेव्हा त्याच्या साहाय्यकांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकात मिसळून त्यास स्ट्रिक्नीन पाजले; पुढे ब्रँडीचीही जोड दिली. ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंदांनी तो अंतिम रेषेवर पोहोचला खरा, परंतु त्या वेळी त्याची अवस्था इतकी शोचनीय होती की, त्यास दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागला. स्ट्रिक्नीन ज्या झाडाच्या बियांतून निघते ते झाड कोकणात काजरा ह्या नावाने परिचित आहे. त्याच्या बियांस वैद्यकात कुचला म्हणतात.

वनस्पतिज द्रव्याच्या योगाने धावणाऱ्याचा दमसास वाढविण्याची इच्छा, त्या द्रव्यावरील विश्वास आणि त्याच्या परिणामाविषयीचे अज्ञान ह्या तिन्ही गोष्टी ह्या एका प्रसंगात एकत्र आलेल्या दिसतात. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तथापि त्यांची फारकत अद्याप पुरती झालेली नाही. मुंबई, पुणे, सातारा येथील दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत आज हजारो स्त्रीपुरुष धावतात, आणि त्यांतील कित्येक अश्वगंधा, जिनसेंग, ऱ्होडिओला अशा वनस्पतींच्या गोळ्या किंवा चूर्णे पूरक आहार म्हणून घेत असतात. ह्या वनौषधींनी दीर्घश्रमाची क्षमता वाढते काय, वाढत असल्यास किती, आणि हे ठरवावयाचे कसे, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दीर्घश्रमाची घटना

बोलण्याच्या ओघात आपण ज्यास ‘दम’ म्हणतो तो एकच एक गुण नव्हे. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने त्यात निदान तीन भिन्न गोष्टींचा समावेश होतो. पहिली, शरीरास एका मिनिटात अधिकात अधिक किती प्राणवायू वापरता येतो ही. हे मान शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटास इतके मिलिलिटर, असे सांगण्यात येते. दुसरी गोष्ट अशी की, त्या कमाल मर्यादेचा किती अंश मनुष्य दीर्घ काळ टिकवू शकतो. कारण विशिष्ट वेगाच्या पलीकडे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साचू लागते आणि तो वेग फार वेळ राखता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे काटकसर: ठराविक वेगाने धावण्यास कोणास किती प्राणवायू लागतो, हे व्यक्तिपरत्वे बदलते.

ह्याशिवाय इंधनाचा प्रश्न निराळाच आहे. स्नायू व यकृत ह्यांत साठविलेले ग्लायकोजेन संपत आले की, कितीही तयारीच्या धावपटूची गती मंदावते. १९६७ साली बेर्गस्ट्रम व त्यांचे सहकारी ह्यांनी स्वीडनमध्ये केलेल्या सुप्रसिद्ध प्रयोगात, मिश्र आहारानंतर सुमारे ११४ मिनिटे व्यायाम करू शकणारी माणसे केवळ स्निग्ध व प्रथिनयुक्त आहारानंतर सुमारे ५७ मिनिटांतच थकली, आणि पिष्टशर्करायुक्त आहारानंतर त्यांनी सुमारे १६७ मिनिटे मजल मारली. शेवटी मेंदूचाही भाग आहे. श्रमाची जाणीव किती तीव्र होते, यावरही मनुष्य केव्हा थांबतो हे अवलंबून असते. म्हणून एखादी वनस्पती ‘दम वाढविते’ असे कोणी म्हटले तर पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की, वरीलपैकी नेमके काय वाढते?

बल्य, रसायन आणि ‘ॲडॅप्टोजेन’

वनस्पतींनी बल वाढते ही कल्पना भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात प्रत्येकी दहा द्रव्यांचे पन्नास गण सांगितले आहेत. त्यांतील बल्य गणात अश्वगंधा, बला आणि अतिबला ह्यांची गणना केलेली आहे. चिकित्सास्थानाचा आरंभच रसायन प्रकरणाने होतो. मात्र हे लक्षात ठेवले पाहिजे की, ह्या ग्रंथांत बल ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. त्यात रोगप्रतिकार, धातूंची पुष्टी, दीर्घायुष्य इतक्या गोष्टी येतात. ४२ किलोमीटरचे अंतर काही मिनिटे आधी तोडणे हा त्या ग्रंथकारांपुढील प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यास सोव्हिएत रशियात ह्याच प्रकारच्या विचारास नवे नाव मिळाले. शरीराची सर्व प्रकारच्या ताणांविरुद्ध सर्वसामान्य प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या द्रव्यांस लाझारेव्ह ह्यांनी १९४७ मध्ये ‘ॲडॅप्टोजेन’ ही संज्ञा दिली. त्यांचे शिष्य ब्रेखमान ह्यांनी सैबेरियातील एल्युथेरोकॉकस ह्या झुडपाचा विशेष अभ्यास केला. पुढे जिनसेंग, ऱ्होडिओला आणि आपल्याकडील अश्वगंधा ही सर्व ह्याच सदराखाली येऊ लागली. ही संज्ञा आकर्षक आहे. परंतु ती एक गृहीतक सूचित करते, सिद्धांत नव्हे. कोणत्याही ताणावर चालणारे द्रव्य कोणत्या मार्गाने कार्य करते हे सांगणे कठीण, आणि जे कसे घडते ते सांगता येत नाही ते पारखून घेणेही कठीण.

परीक्षेची रीत

धावपटू गोळ्या घेऊ लागतो तो बहुधा नव्या हंगामाच्या आरंभी. त्याच वेळी त्याचा सरावही वाढलेला असतो. आठ-बारा आठवड्यांनी त्याची वेळ सुधारते आणि श्रेय गोळीस मिळते. हा घोटाळा टाळण्यासाठी प्रयोगात दोन गट करावे लागतात. सराव दोघांचा सारखाच. परंतु एकास औषध व दुसऱ्यास दिसण्यात तशीच पण औषधाचा अंश नसलेली गोळी, म्हणजे छद्मौषध, देण्यात येते. कोणास काय मिळाले हे घेणाऱ्यासही ठाऊक नसते आणि मोजणाऱ्यासही नसते.

इतकी दक्षता का घ्यावी लागते, हे बीडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगावरून स्पष्ट होते. १० किलोमीटर अंतर तोडणाऱ्या सायकलपटूंस त्यांनी सांगितले की, तुम्हांस कधी कॅफीन व कधी छद्मौषध देण्यात येईल. प्रत्यक्षात कॅफीन कोणासच दिले नव्हते. तरीही आपण मध्यम मात्रेत कॅफीन घेतले आहे असे वाटत असताना त्यांची शक्ती १.३ टक्क्यांनी, आणि मोठ्या मात्रेत घेतले आहे असे वाटत असताना ३.१ टक्क्यांनी वाढली. आपणांस छद्मौषध मिळाले असा समज असताना ती १.४ टक्क्यांनी घटली. तात्पर्य, केवळ समजुतीनेच कामगिरीत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो. आणि वरच्या दर्जाच्या शर्यतीत पहिला व दहावा ह्यांच्यातील अंतर अनेकदा एवढेच असते.

वनौषधींच्या बाबतीत ह्या पद्धतीस एक खास अडचण येते. अश्वगंधेस तिचे नावच मुळाच्या उग्र, घोड्याच्या अंगासारख्या वासावरून पडले आहे. ज्याने हे चूर्ण पूर्वी घेतले आहे त्यास तो वास ओळखता येतो, आणि वास ओळखता आला की प्रयोगातील गुप्तता संपते.

अश्वगंधेवरील प्रयोग

भारतात ह्या विषयावर झालेल्या प्रयोगांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला अमृतसर येथील गुरु नानक देव विद्यापीठातील असून तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० निष्णात सायकलपटूंचे दोन गट करून एका गटास आठ आठवडे दररोज दोन वेळा प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम अश्वगंधा देण्यात आली. त्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता व थकवा येईपर्यंतचा काळ ही दोन्ही वाढलेली आढळली. दुसरा प्रयोग २०१५ सालचा. त्यात व्यायामाची सवय असलेल्या ५० निरोगी स्त्रीपुरुषांनी भाग घेतला. औषध घेणाऱ्यांस बारा आठवडे मुळाचे घनसत्त्व दररोज दोन वेळा ३०० मिलिग्रॅम मात्रेत दिले होते. कमाल क्षमतेतील सरासरी वाढ औषध घेणाऱ्यांत ५.६७ मिलिलिटर व छद्मौषध घेणाऱ्यांत १.८६ मिलिलिटर भरली. अशा निरनिराळ्या प्रयोगांचे २०२० साली एकत्रित विश्लेषण करण्यात आले, त्यातही सरासरी सुमारे ३ मिलिलिटरचा लाभ दिसला.

हे आकडे उपेक्षणीय नाहीत. इतर बहुतेक वनौषधींच्या पदरी एवढाही पुरावा नाही. तथापि ते स्वीकारताना काही मर्यादा ध्यानी घ्याव्या लागतात. ५० माणसांच्या प्रयोगात कमाल क्षमता प्रत्यक्ष श्वासवायूंचे मापन करून ठरविलेली नव्हती. २० मीटर अंतरावर येजा करीत धावण्याच्या चाचणीवरून तिचे अनुमान केले होते, आणि ह्या चाचणीचे फळ मनुष्य किती जिद्दीने धावतो यावर बरेच अवलंबून असते. सायकलपटूंची परीक्षा सायकलीवर न होता धावपट्ट्यावर झाली होती. प्रयोगांतील माणसांची संख्या लहान आहे. अनेक प्रयोगांत घनसत्त्व त्याच्या उत्पादकाकडूनच पुरविले गेले. आणि मुख्य म्हणजे कमाल क्षमता वाढली म्हणून ठराविक अंतराची शर्यत तेवढ्याच प्रमाणात लवकर पुरी होते, असे नाही. यास्तव अश्वगंधेविषयी आज इतकेच म्हणता येईल की, पुरावा अनुकूल आहे, परंतु निर्णायक नाही.

आणखीही एक अडचण आहे. अश्वगंधा म्हणजे नेमके काय? नीमच-मंदसौर भागातील शेतात पिकविलेले मूळ, रानातून आणलेले मूळ, मुळाबरोबर पानांचाही अंश असलेले चूर्ण, पाण्यात काढलेला अर्क आणि मद्यार्कात काढलेला अर्क ह्या सर्वांस बाजारात एकच नाव आहे. त्यांतील विथानोलाइड ह्या कार्यकारी द्रव्यांचे प्रमाण मात्र एक नसते. एका घनसत्त्वावर केलेल्या प्रयोगाचे फळ दुसऱ्या पुडीवर छापणे हे शास्त्रास धरून नाही.

इतर वनस्पती

जिनसेंगची कीर्ती मोठी, परंतु प्रयोगांत ती टिकत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३६ निरोगी पुरुषांस आठ आठवडे २०० किंवा ४०० मिलिग्रॅम सत्त्व देऊन पाहिले असता, छद्मौषधाच्या तुलनेत काहीही लाभ आढळला नाही. एल्युथेरोकॉकसविषयीचे सुरुवातीचे उत्साही अहवाल पुरेशा नियंत्रणाविना केलेल्या प्रयोगांवर आधारलेले होते. १९९६ साली २० सुशिक्षित दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंवर नियंत्रित प्रयोग झाला तेव्हा त्याचा प्रभाव दिसला नाही. ऱ्होडिओलाची कथा अधिक बोधप्रद आहे. बेल्जममध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायामापूर्वी २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली असता थकवा येईपर्यंतचा काळ १६.८ मिनिटांवरून १७.२ मिनिटांवर गेला, म्हणजे सुमारे २४ सेकंदांनी वाढला. पण तेच द्रव्य चार आठवडे सतत दिल्यावर हा लाभ नाहीसा झाला. दीर्घकाळ सेवनाने शरीराचे सामर्थ्य वाढविणारे द्रव्य, असा जो त्याचा लौकिक, त्याच्या हे अगदी उलट आहे.

कसोटीस उतरलेली वनस्पतिज द्रव्ये

यावरून वनस्पतींत दीर्घश्रमास उपकारक असे काही नसते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात कामगिरीवर प्रत्यक्ष परिणाम करणारी म्हणून ज्या मोजक्या द्रव्यांचा निर्देश केला आहे, त्यांपैकी कॅफीन आणि नायट्रेट ही दोन आपणांस वनस्पतींपासूनच मिळतात.

कॅफीन चहा-कॉफीत असते. थकवा सूचित करणारे ॲडेनोसिन हे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहकांवर कार्य करते, तेच ग्राहक कॅफीन अडविते. त्यामुळे श्रमाची जाणीव कमी होते. कॉस्टिल ह्यांच्या १९७८ सालच्या प्रयोगात ३३० मिलिग्रॅम कॅफीन असलेली कॉफी घेतल्यावर सायकलपटू सरासरी ९०.२ मिनिटे टिकले. कॅफीनरहित कॉफीनंतर ते ७५.५ मिनिटे टिकले होते. शरीराच्या दर किलोग्रॅममागे ३ ते ६ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण परिणामकारक मात्रा होय. पूर्वी विशिष्ट प्रमाणापलीकडे निषिद्ध असलेले हे द्रव्य २००४ पासून निषिद्ध यादीतून वगळण्यात आले आहे.

नायट्रेट बीट, पालक इत्यादी भाज्यांत असते. तोंडातील जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात झालेल्या २००९ सालच्या प्रयोगात आठ पुरुषांनी सहा दिवस दररोज अर्धा लिटर बीटचा रस घेतला. जोरदार व्यायामातील त्यांचा टिकाव ५८३ सेकंदांवरून ६७५ सेकंदांवर गेला. जगातील अव्वल खेळाडूंत हा लाभ बराच कमी आढळतो, हेही पुढील प्रयोगांनी दाखविले आहे.

ह्या दोहोंत आणि पूर्वोक्त वनौषधींत भेद कशाचा? एक वनस्पती थोर व दुसरी क्षुद्र असा तो नाही. कॅफीन व नायट्रेट ह्यांच्या बाबतीत कार्यकारी द्रव्य कोणते हे निश्चित झाले आहे, त्याची मात्रा मोजता येते, कार्याचा मार्ग बऱ्याच अंशी उलगडला आहे, आणि निरनिराळ्या देशांतील स्वतंत्र संशोधकांस तेच फळ पुनःपुन्हा मिळाले आहे. अश्वगंधेसारखी वनस्पती ह्या वाटेवर कोठेतरी मध्ये आहे. ती पुढे जाणारच नाही असे म्हणण्यास आधार नाही.

धोक्याची बाजू

‘वनस्पतिज आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ हा समज सर्वांत घातक होय. माहुआंग ह्या चिनी वनस्पतीत एफेड्रीन असते; ते हृदयाची गती व शरीरातील उष्णतेची निर्मिती वाढविते. ह्या वनस्पतीचे पूरक घेणारा अमेरिकेतील एक तरुण व्यावसायिक बेसबॉल खेळाडू फेब्रुवारी २००३ मध्ये सरावाच्या वेळी उष्माघाताने मरण पावला, आणि २००४ साली त्या देशात अशा पूरकांवर बंदी आली. अश्वगंधा बहुतेकांस मानवते. परंतु तिच्या सेवनानंतर यकृतास इजा होऊन कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद आइसलंड व अमेरिका येथून २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधायुक्त पदार्थांवर बंदी घातली. असे प्रसंग विरळ असले तरी ते घडतात, हे घेणाऱ्यास ठाऊक असावयास हवे.

स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूस दुसराही धोका आहे. हायजेनामीन हे द्रव्य २०१७ च्या जागतिक निषिद्ध यादीत नावानिशी आले, आणि ते टिनोस्पोरा क्रिस्पा ह्या वेलीत असल्याचा निर्देशही त्या वेळी करण्यात आला. ही वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातील, दिसावयास तिच्यासारखी, परंतु निराळी आहे. ओळखण्यात चूक झाली तर गुळवेल म्हणून ती पदरात पडू शकते. ज्या कुचल्यातील स्ट्रिक्नीन हिक्सला दिले गेले, तो शुद्ध करून आजही विषतिंदुक वटीसारख्या औषधांत घातला जातो. स्पर्धाकाळात मात्र स्ट्रिक्नीन निषिद्ध आहे. शिवाय भेसळीचा प्रश्न आहेच. कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून जमविलेल्या ६३४ पूरकांची तपासणी करून २००४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात ९४ नमुन्यांत वेष्टनावर न सांगितलेली संप्रेरकजन्य द्रव्ये आढळली. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तोच जबाबदार, असा नियम असल्याने दुकानदाराच्या चुकीचा दंड खेळाडूस भरावा लागतो. वर्षानुवर्षांची मेहनत एका पुडीपायी व्यर्थ जाऊ शकते.

उपसंहार

चरकसंहितेतील ज्या अध्यायात बल्य गण आहे, त्याच अध्यायात श्रमहर नावाचा आणखी एक गण आहे. श्रम नाहीसे करणारी म्हणून त्यात पुढील दहा द्रव्ये सांगितली आहेत: द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, फल्गु म्हणजे अंजिराचा एक प्रकार, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत पिकणारा तांदूळ. ह्या यादीत दुर्मिळ मुळी एकही नाही. बहुतेक सर्व पदार्थ शर्करा वा पिष्ट पुरविणारे, नित्याच्या आहारातले आहेत. यावरून चरकास ग्लायकोजेन ठाऊक होते असा अर्थ काढणे इतिहासास सोडून होईल. परंतु थकलेल्या माणसास कशाने बरे वाटते ह्याचे निरीक्षण त्या काळी किती अचूक होते, हे मात्र त्यावरून दिसते. १९६७ चा तो प्रयोग हेच आकड्यांत सांगतो, आणि दोन-अडीच तासांच्या श्रमात दर तासास ३० ते ६० ग्रॅम शर्करा घ्यावी हा आजचा सल्लाही त्याच्याशी जुळतो.

परंपरेचा मान राखावयाचा तर तिच्यातील प्रत्येक द्रव्यास काटेकोर परीक्षेची संधी मिळाली पाहिजे, आणि परीक्षेचे फळ प्रतिकूल आले तरी ते स्वीकारले पाहिजे. अश्वगंधेची परीक्षा अद्याप चालू आहे. ती पुरी होईपर्यंत दीर्घ पल्ल्याच्या धावपटूने नियमित सराव, पुरेशी झोप आणि पोटभर भात-भाकरी ह्यांवर भिस्त ठेवणे श्रेयस्कर. ह्या तिहींच्या उपयोगाविषयी संशोधकांत मतभेद नाही.